दोन डोंगरांमधला सूर्य येतो कुठून?

प्रश्न : माझी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत आहे. चित्र काढा म्हटलं की ती आणि तिचा सगळा वर्ग एकच चित्र काढतो. दोन त्रिकोणी डोंगर, मधून वर येणारा सूर्य, खाली नागमोडी नदी, काठावर घर आणि नारळाचं झाड. आमचं गाव परभणी जिल्ह्यात, काळ्या रानात. डोंगर नजरेला पडत नाही आणि नारळ दिसतो तो फक्त पूजेच्या ताटात. मीही लहानपणी हेच काढत होते. सासूबाई म्हणतात, त्याही हेच काढायच्या. मग हे चित्र मुलांना शिकवतं कोण?
— एक आई, परभणी जिल्हा

उत्तर : आधी डोंगराचंच बघू. सह्याद्री घडला तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून. त्यामुळे आपल्याकडचे बहुतेक डोंगर माथ्यावर सपाट आणि अंगाने पायऱ्यापायऱ्यांचे असतात. गडांवर एवढी पठारं आणि माच्या मिळाल्या त्या यामुळेच. कोकणात गेलात तर डोंगरमाथ्यावर जांभ्याचे सडे पसरलेले दिसतात. अजिंठ्याच्या रांगेत आणि बालाघाटातही तीच तऱ्हा. सुळके आहेत, पण ते थोडे. म्हणजे तुमच्या मुलीने परभणीत बसून काढलेला टोकदार डोंगर साताऱ्याच्या मुलीलाही सहसा दारातून दिसत नाही, पण चित्रात तीही तोच काढते. घराचंही तसंच. तुमच्या भागातली जुनी घरं माळवदाची, नवी स्लॅबची नाहीतर पत्र्याची. चित्रातलं घर मात्र उतरत्या छपराचं, आणि पुष्कळदा त्यातून धूर काढणारं धुराडंही असतं. असं धुराडं आपल्या खेड्यात कुणाच्या घराला असतं?

यावरून एक गोष्ट नक्की कळते. हे चित्र डोळ्यांनी पाहिलेल्या जगातून आलेलं नाही, ते दुसऱ्या चित्रातून आलं आहे. अमेरिकेतले कलाशिक्षणाचे अभ्यासक ब्रेंट आणि मार्जरी विल्सन यांनी 1977 मध्ये नेमकं हेच मांडलं. मूल चित्रातली बरीचशी भाषा इतरांच्या चित्रांतून उचलतं, असं त्यांचं म्हणणं होतं. मूल स्वतःच्या आतून सगळं निर्माण करतं, या तेव्हाच्या लाडक्या समजुतीला त्यांनी त्यातून हात घातला. आपल्याकडे ही उसनवारी रोज दिसते. शेजारच्या बाकावरची मैत्रीण, घरातली मोठी ताई, चित्रकलेच्या वहीचं मुखपृष्ठ, शाळेच्या भिंतीवर रंगवलेला देखावा आणि सगळ्यात जास्त वर्गातला फळा. लगोरीचे नियम जसे कुणी बसून शिकवत नाही आणि तरी गावोगावच्या पोरांना ते ठाऊक असतात, तसं हे चित्र एका पिढीकडून दुसरीकडे जातं. सासूबाईंपासून नातीपर्यंत ते पोचलं यात म्हणून नवल वाटून घेऊ नका.

पण तेवढ्यावर उत्तर संपत नाही. उसनं तर सगळीच मुलं घेतात. आपली मुलं तिथेच का थांबतात, हा खरा प्रश्न आहे.

त्यासाठी व्हिक्टर लोवेनफेल्ड यांचं थोडं ऐकावं लागेल. मुलं वयानुसार चित्र कसं काढत जातात, याचा त्यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि 1947 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. ते कलाशिक्षणात आजही वाचलं जातं. साधारण सात ते नऊ या वयात मूल प्रत्येक गोष्टीसाठी एक ठरावीक खूण तयार करतं, असं त्यांनी दाखवलं. झाड म्हणजे अशी खूण, माणूस म्हणजे तशी, घर म्हणजे अमुक. तुमची मुलगी त्याच वयात आहे. तिने खुणा वापरल्या यात काळजीचं काही नाही, ते वाढीचंच लक्षण आहे. अडचण येते ती पुढे, नऊच्या आगेमागे. तेव्हा मुलाला स्वतःलाच दिसायला लागतं की आपलं झाड खऱ्या झाडासारखं नाही. या वयात त्याच्याशेजारी कुणी बसलं, बाहेर नेऊन झाड दाखवलं, फांदी खोडातून कशी निघते ते विचारलं, तर चित्र पुढे सरकतं. कुणी नसेल तर मूल म्हणतं, मला चित्र येत नाही, आणि वही मिटून टाकतं. घरातल्या कुणाही शिकलेल्या मोठ्या माणसाच्या हातात कागद द्या आणि चित्र काढायला सांगा. डॉक्टर असो, वकील असो, बहुतेक जण तेच दोन डोंगर काढतील. चित्रकलेपुरतं त्यांचं वय तिसरी-चौथीतच थांबलेलं असतं.

लोवेनफेल्ड यांच्या पुस्तकात एक उदाहरण आहे, ते प्रत्येक बालवाडीच्या बाईंनी पाहावं असं मला मनापासून वाटतं. एका मुलाने आधी स्वतःच्या मनाने पक्षी काढला. मग त्याला छापील वही दिली, तिच्यातले पक्षी पाहून तसेच काढायचे आणि रंगवायचे होते. त्यानंतर त्याला पुन्हा मोकळेपणी पक्षी काढायला सांगितलं, तर त्याने वहीतलाच ठोकळेबाज पक्षी काढला. त्याचा स्वतःचा पक्षी गेला होता. आपल्याकडे अंगणवाडीपासून रंगभरण स्पर्धा असतात. छापील बदक, छापील गणपती, छापील तिरंगा. ‘रेषेबाहेर रंग जाऊ देऊ नको’ ही मुलाच्या कानावर पडणारी चित्रकलेची पहिली सूचना, आणि पुष्कळदा शेवटचीसुद्धा. स्पर्धा घेणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, मुलं खूशही होतात. पण रंगभरण म्हणजे चित्रकला नव्हे, हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

आता शाळेत येऊ. तुमच्या गावची शाळा बहुधा द्विशिक्षकी असेल. एक गुरुजी आणि एक बाई, पहिली ते चौथी. बाईंनी दोन वर्ग एकत्र घेतलेले, पोषण आहाराची नोंद करायची, तालुक्याला माहिती पाठवायची, आणि त्यातच वेळापत्रकात ‘कला’ लिहिलेली तासिका येते. अशा वेळी फळ्यावर पाच रेषांत डोंगर-सूर्य काढून ‘हे काढा रे’ म्हणणं हाच त्यांच्यापुढे एक व्यवहार्य मार्ग उरतो. दोन्ही वर्ग अर्धा तास शांत बसतात. त्या बाईंना दोष देण्यात अर्थ नाही. पदविकेच्या अभ्यासक्रमात त्यांना कलेची थोडी ओळख झालेली असते, पण मूल चित्र कसं काढतं आणि त्याला काय विचारायचं, हे सरावाने शिकवणारं कुणी त्यांनाही भेटलेलं नसतं. बालभारतीचं ‘खेळू, करू, शिकू’ हे पुस्तक प्राथमिक वर्गांसाठी आहे. त्यात चित्र, शिल्प, गायन, वादन, नृत्य, नाट्य असं सगळं आहे. पुस्तक वाईट नाही, पण ते वापरायला वेळ आणि शिकवणारा माणूस लागतो.

तो माणूस का नाही, याचं उत्तर कायद्यातच सापडतं. मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा 2009 चा. त्याच्या परिशिष्टात शाळेत किती शिक्षक हवेत ते लिहिलं आहे. कलेचा शिक्षक त्यात येतो, पण तो सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, तोही त्या वर्गांची पटसंख्या 100 च्या वर असेल तर, आणि तोही अर्धवेळ. पहिली ते पाचवीसाठी कलेच्या शिक्षकाचा उल्लेखच नाही. म्हणजे ज्या वयात मुलाच्या मनात झाडाची, घराची, डोंगराची खूण पक्की होते आणि ज्या वयात ती खूण मोडायला मदत लागते, त्या सगळ्या वयात कायद्याने मुलाला कलाशिक्षक दिलेलाच नाही. पुढे सहावीत गेल्यावरही खेड्यातल्या पुष्कळ शाळांत त्या तीन वर्गांची पटसंख्या 100 पर्यंत पोचत नाही. माझ्या मते सगळ्या दुखण्याचं मूळ या दोन-तीन ओळींत आहे. अभ्यासक्रम बदला, पुस्तकं बदला, या ओळी तशाच राहिल्या तर गावातल्या वर्गात काही बदलणार नाही.

जिथे कायद्याने जागा दिली तिथेही ती भक्कमपणे भरली गेली नाही. महाराष्ट्रात कला, आरोग्य-शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांसाठी ‘अंशकालीन निदेशक’ नेमले गेले. नेमणुका कंत्राटी, मानधन तुटपुंजं, मध्येच खंड आणि मग न्यायालयात खेटे. एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची दोन वर्षांची पदविका, घेतलेली किती तरी हुशार मुलं आज फ्लेक्सचं डिझाइन करतात, गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतात, नाहीतर घरी शिकवण्या घेतात. माध्यमिक शाळेत पूर्ण वेळ कलाशिक्षक निवृत्त झाला की ती जागा अनेक ठिकाणी रिकामीच राहते आणि तासिका इतिहासाच्या नाहीतर पीटीच्या सरांकडे जाते.

हे सारं आजचंही नाही. आपल्या शाळांत चित्रकला आली तीच मुळात वेगळ्या कामासाठी. मुंबईचं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 मध्ये सुरू झालं, जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून. त्या काळात इंग्लंडमध्ये साउथ केन्सिंग्टनची पद्धत चालत होती. नमुना समोर ठेवायचा, तो अचूक उतरवायचा, हात आणि नजर सरळ रेषेत आणायची. हस्तव्यवसायाला आणि कारखान्याला उपयोगी पडणारे नकाशाकार आणि नक्षीकार घडवणं, हे तिचं उद्दिष्ट. जे. जे.मध्ये 1879 पासून रेखाचित्रणाचं शिक्षण हा विषय म्हणून सुरू झाला आणि 1893 मध्ये चित्रकला शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा वर्ग आला. त्या वर्गातून बाहेर पडलेले ड्रॉइंग मास्तर मुंबई इलाख्यातल्या शाळांत गेले. त्यांनी नेकीने काम केलं आणि कित्येक गावांत पहिल्यांदा रंगाची पेटी पोचवली. पण ‘समोरचा नमुना बघा आणि तसाच काढा’ ही सवयही त्यांच्याबरोबर पोचली. नमुना चांगला होता तोवर त्या सवयीतून निदान हात तयार होत होता. पुढे मास्तर गेले, नमुना गेला, आणि ‘तसाच काढा’ एवढंच उरलं.

दुसरी वाटही आपल्याच मातीत होती. वर्ध्याजवळ सेवाग्रामला नयी तालीम, म्हणजे हातकामातून शिकवण्याची पद्धत, सुरू झाली. 1937 च्या वर्धा परिषदेतून ती कल्पना पुढे आली होती. तिथे 1944 मध्ये देवीप्रसाद नावाचे तरुण चित्रकार शांतिनिकेतनच्या कलाभवनातलं शिक्षण संपवून आले आणि 1962 पर्यंत राहिले. सेवाग्रामच्या मुलांना शिकवताना त्यांनी जे पाहिलं त्यावर त्यांनी हिंदीत आणि इंग्रजीत लिहिलं. कला हा शिक्षणाचा पाया असला पाहिजे, उरलेल्या वेळात करायची गोष्ट नव्हे, हे त्यांचं म्हणणं. मोठ्यांच्या चित्राच्या मापाने मुलाचं चित्र मोजू नका, असंही ते सांगत. तिकडे पालघरच्या किनाऱ्यावर बोर्डीला आणि मग कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीत शंख, शिंपले, बिया, पानं, खडे हेच शिक्षणाचं साहित्य केलं. पैसा नसतानाही हे चाललं, कारण शिकवणाऱ्या माणसाला नेमकं काय करायचं ते कळत होतं. सेवाग्राम आणि कोसबाड आपण व्याख्यानांत मानाने घेतो. त्यांची पद्धत राज्यातल्या प्रत्येक प्राथमिक शाळेत का उतरली नाही, हा प्रश्न मात्र फारसा कुणी लावून धरला नाही, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

त्रिकोणी डोंगर मोडायला काय लागतं, तेही सांगतो. मराठवाड्यातल्याच एका शाळेत एका कलाशिक्षकाने चौथीच्या मुलांना अंगणातल्या कडुनिंबाखाली नेलं. आधी कागद दिलाच नाही. खोडाला हात लावायला सांगितलं, भेगा आडव्या की उभ्या ते विचारलं. पहिली फांदी तुझ्या डोक्याच्या वर फुटते की खाली? खाली पडलेलं एक पान उचलायला लावलं. एका देठावर समोरासमोर पानं, प्रत्येकाच्या कडेला करवतीचे दाते, आणि देठाजवळ पानाच्या दोन बाजू सारख्या नाहीत. हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, तरी झाड रोजचंच. मग जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठी आणि चुलीतले कोळसे दिले. दोन-तीन मुलांनी सवयीने आधी डोंगर काढले. सर काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, ‘आता झाड काढ, आपलं.’ एका मुलाने खोडाच्या मधोमध एक गुळगुळीत पट्टा रिकामा सोडला. विचारल्यावर म्हणाला, ‘इथं बैल बांधत्यात, दावं घासून साल गेली.’ खरंच तिथे साल झिजलेली होती, आणि आम्हा मोठ्यांपैकी कुणी ती पाहिली नव्हती. एकीने झाडाला लटकवलेली पाखरांच्या पाण्याची बाटली काढली, दुसऱ्याने मुंगळ्यांची रांग. पंधरा-वीस चित्रं, आणि एकसारखं झाड एकही नाही. खर्च काही नव्हता. लागले ते एक जाणते सर आणि त्यांना कुणी न तोडलेला सलग तास.

तुमच्या मुलीला म्हणून नारळ काढू नकोस असं म्हणू नका. त्याने ती हिरमुसेल. तिच्याजवळ बसून विचारा, आपल्या दारातून सूर्य कुठून उगवतो? कुणाच्या घरामागून? टॉवरच्या डाव्या अंगाने की उजव्या? कापसाच्या रानात सकाळी कोण दिसतं? चित्र सुरेख झालं का, हे आधी बोलू नका. त्यात काय काय आहे ते तिला सांगू द्या.

प्रश्न : मुलगा आठवीत आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटचा क्लास लावावा का? दहावीला गुण मिळतात म्हणून सगळे लावतात.
— एक वडील, कोल्हापूर

उत्तर : मुलाला आवडत असेल तर परीक्षेला जरूर बसवा. इंटरमिजिएटमध्ये ‘ए’ श्रेणी मिळाली तर दहावीला 7, ‘बी’ला 5 आणि ‘सी’ला 3 वाढीव गुण मिळतात, हे खरं. एरवी एलिमेंटरी झाल्याशिवाय इंटरमिजिएटला बसता येत नाही, त्यामुळे सातवी-आठवीत सुरुवात होते. पण केवळ त्या गुणांसाठी बसवू नका.

कला संचालनालयाच्या या परीक्षांचा ढाचा मुळात चांगला आहे. वस्तू समोर ठेवून काढायची, आठवणीतून प्रसंग काढायचा, नक्षी बांधायची, भूमिती आणि अक्षरलेखन करायचं. खेड्यातल्या मुलाला चित्रकलेच्या नावाने मिळणारी ही बहुधा एकमेव सरकारी पावती. लाखो मुलं तिला बसतात, आणि कित्येक शाळांत कलाशिक्षकाची जागा टिकली आहे ती या परीक्षेमुळेच. म्हणून ‘परीक्षा बंद करा’ म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

बिघडतं ते तयारीत. स्मरणचित्राचा विषय भाजी मंडईचा असो की बसथांब्याचा, क्लासमध्ये चार आकृत्या घोटून घेतलेल्या असतात. छत्री घेतलेला माणूस, टोपली घेतलेली बाई, चेंडू खेळणारा मुलगा, पाठमोरे आजोबा. विषय कुठलाही आला तरी हेच चौघे उभे करायचे आणि मागची भिंत तेवढी बदलायची. वस्तुचित्रात माठ, वांगी आणि कापडाच्या चुण्या पाठ. तिसरीतले दोन डोंगर आठवीत अशा रूपाने पुन्हा भेटतात, फक्त रेषा सफाईदार झालेल्या असतात.

तुम्ही कोल्हापूरचे. चित्रकार आबालाल रहिमान तुमच्याच गावात कोटितीर्थाच्या परिसरात राहिले आणि तिथली निसर्गचित्रं करत बसले. मुलाला रविवारी वही-पेन्सिल घेऊन तिथे किंवा मंडईत न्या. भाजीवाली वजन करताना कोपर कुठे टेकवते, गिऱ्हाईक पिशवी कोणत्या हातात धरतं, हे त्याने पाहिलं की स्मरणचित्रात चार ठरलेली माणसं आपोआप मागे पडतात. क्लास लावायचाच असेल तर आधी जाऊन भिंतीवरची चित्रं बघा. सगळ्या मुलांची चित्रं एकसारखी दिसली तर दुसरा क्लास शोधा.

प्रश्न : कला म्हटलं की सगळे चित्रकलेवरच बोलतात. शाळेतला गाण्याचा तास कुठे गेला?
— एक निवृत्त शिक्षिका, मिरज

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे, आणि ती मिरजेहून यावी हेही साहजिक, तंबोरे आणि सतारी घडवणारं ते गाव. गाणं शाळेत पुरतं रुजलंच नाही, कारण त्याची परीक्षेची व्यवस्था शाळेबाहेर उभी राहिली. विष्णु दिगंबर पलुसकरांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. पुढे त्यांच्या शिष्यांनी 1931 मध्ये गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापलं. प्रवेशिकेपासून अलंकारापर्यंतच्या परीक्षा आज गावोगावच्या संगीत वर्गांतून होतात. ही फार मोठी कामगिरी आहे. पण ती फी भरू शकणाऱ्या घरांपर्यंत पोचते. शाळेत उरलं प्रार्थना, समूहगीत आणि स्नेहसंमेलन. स्नेहसंमेलनात ध्वनिमुद्रित सिनेगीतावर नाच बसवतात, तेव्हा मुलाचा आवाज लागत नाही आणि हात वाद्यापर्यंत जातच नाही.

तरी जवळजवळ प्रत्येक गावात पखवाज वाजवणारा, टाळ धरणारा, भारूड म्हणणारा माणूस असतो. कोकणात दशावतारी, विदर्भात झाडीपट्टीचे नट आणि दंडारीची मंडळी आहेत. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने स्थानिक कलावंतांना शाळेत शिकवायला बोलावण्याची मुभा दिली आहे. 2024 पासून एनसीईआरटीने तिसरीला ‘बांसुरी’ आणि सहावीला ‘कृती’ ही पुस्तकं आणली, त्यांत चित्र, संगीत, नृत्य, नाट्य चारही कलांना जागा आहे. पण त्या गावातल्या पखवाजियाला मानधन कोण आणि कशातून देणार, याची पक्की सोय झाली पाहिजे. भजनाला तो फुकट येतो म्हणून शाळेतही त्याने फुकट यावं, हे मला मान्य नाही.

प्रश्न : आमच्या शाळेत कलाशिक्षक नाही आणि मिळण्याची चिन्हंही नाहीत. पालकांच्या हातात काय आहे?
— शाळा व्यवस्थापन समितीचे एक सदस्य, जालना जिल्हा

उत्तर : तुम्ही समितीवर आहात, म्हणजे तुमच्या हातात पुष्कळ आहे. कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असाव्या लागतात, आणि शाळेचा विकास आराखडा तयार करणं हे तिचं काम आहे. त्या आराखड्यात भिंत, नळ, संगणक, पंखे हे सगळं लिहिलं जातं. कलेबद्दल एक ओळही सहसा नसते. ती लिहून घ्या.

सहावी ते आठवीची पटसंख्या 100 च्या वर असेल तर अर्धवेळ कला निदेशक हा तुमच्या शाळेचा हक्क आहे. पटाच्या आकड्यासह तशी लेखी मागणी आधी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे करा आणि पोच घ्या. पट कमी असेल तर जवळच्या दोन-तीन शाळांनी मिळून एक निदेशक मागावा, तो आठवड्याचे दिवस वाटून प्रत्येक शाळेत जाईल. केंद्रशाळेच्या पातळीवर हे करता येण्याजोगं आहे, आणि पहिली ते पाचवीच्या मुलांना कलाशिक्षक दिसण्याचा सध्या तोच एक मार्ग मला दिसतो.

तोवर आठवड्याच्या कलेच्या तासिका गणिताच्या जादा तासाला द्यायच्या नाहीत, असा ठराव करा. रंगाच्या पेटीपेक्षा आधी कागद मागा, कारण मुलाला चित्राची वही जपून वापरायला लागली की ते काढतच नाही. पाठकोरे कागद तहसील, बँक, ग्रामपंचायत कुठेही ढिगाने पडलेले असतात. गेरू, चुना, हळद, काजळी गावातच मिळते. बक्षीस द्यायचंच असेल तर रंगभरणाला न देता आपल्या गावातलं काहीतरी पाहून काढलेल्या चित्राला द्या, आणि निवडलेली चित्रं ग्रामसभेच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात दोरी बांधून लावा. सरपंच, ग्रामसेवक आणि पालक ती बघायला थांबले की त्याच बैठकीत निदेशकाच्या मागणीचा विषय काढा, आणि ठरावाची नक्कल घेऊन पुढच्याच आठवड्यात तालुक्याला जा.